तीन दलांची मिरचीची रोपं ठेवू की उपटू?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी भागातले. घरच्या संकेश्वरी मिरचीचं बी गादीवाफ्यावर टाकलंय. उगवण झकास, पण काही रोपं तऱ्हेवाईक निघालीत. दोनाऐवजी तीन बीजदलं (उगवताना येणारी पहिली पानं), आणि एकाचा शेंडा बुडातच दुभंगलाय. दिसतात मात्र जोमदार, उपटायला हात होत नाही. पांढरीफटक उगवली होती त्यांचा नाद सोडला. हरितद्रव्यच नाही तर ती जगणार कशावर?

खरा घोळ पिवळसर चट्ट्यांच्या पानांचा आहे. हे जन्मजात चितकबरेपण की मोझॅक विषाणू, कसं ओळखायचं? पानं आकसलेली नाहीत, म्हणजे चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) नसावा. तरी विषाणू असला तर मावा ही रस शोषणारी कीड तो सगळ्या वाफ्यात नेईल, म्हणून ती रोपं लांब कुंडीत लावलीत. सासूबाई म्हणतात, टाक उपटून. मला बघायचंय.

आणि तीन दलांच्या झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तशीच येतील का? शेजारच्या रानात ब्याडगी जातीची मिरची आहे, मधमाश्या संकर करणारच, तेव्हा फुलांना जाळीची पिशवी बांधावी लागेल ना? कुणी असं झाड तोड्यापर्यंत सांभाळलं असेल तर मिरची कशी लागली तेही सांगा.