डोपिंग सापडलं तर झुंज रद्द करायची, की हरलेल्याला जिंकवायचं?

निकालीकुस्ती (धागाकर्ता)

रायन गार्सिया आणि डेव्हिन हेनी या बॉक्सरांची २० एप्रिल २०२४ ची ब्रुकलिनमधली झुंज इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. गार्सियानं हेनीला सातव्या, दहाव्या आणि अकराव्या फेरीत पाडलं. एका पंचानं ११२-११२ अशी बरोबरी दिली, बाकीच्या दोघांनी गार्सियाला कौल दिला. हेनीची ही कारकिर्दीतली पहिली हार. (गार्सिया वजनाला १४० पौंडांच्या मर्यादेपेक्षा ३.२ पौंड जास्त भरला होता, म्हणून जिंकूनही बेल्ट (विजेतेपद) त्याला मिळणारच नव्हता. शिस्तीचा नमुना!) मे महिन्यात बातमी आली की झुंजीच्या आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्याही नमुन्यात ऑस्टरिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. ब नमुन्यातही (त्याच लघवीच्या दुसऱ्या बाटलीतही) तेच. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कमिशननं (झुंजींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) वर्षभराची बंदी घातली, दहा हजार डॉलर दंड केला, अकरा लाख डॉलरच्या घरातलं मानधन सोडायला लावलं आणि निकालाच्या जागी 'नो कॉन्टेस्ट' लिहिलं.

म्हणजे झुंज झालीच नाही. मग हेनीनं बारा फेऱ्या मार कशाचा खाल्ला?

गार्सियाच्या वेळी निदान पैशाला तरी हात लागला. २०१६ मध्ये लास वेगासला यूएफसी २०० मध्ये (यूएफसी म्हणजे एमएमएच्या, मिश्र मार्शल आर्टच्या झुंजी भरवणारी कंपनी) ब्रॉक लेस्नरनं मार्क हंटला गुणांवर हरवलं, पुढे लेस्नर क्लोमिफीन या बंदी असलेल्या औषधात सापडला. मानधन २५ लाख डॉलर, दंड अडीच लाख. दहा टक्के! एवढं कमिशन तर आपल्याकडे दलालही घेतो. हंटची हार पुसली गेली, पण त्याच्या खात्यावर विजय काही आला नाही. तो कोर्टात गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. धावण्याच्या शर्यतीत सुवर्णवाला सापडला की रौप्यवाला वर सरकतो. मग बॉक्सिंग आणि एमएमएमध्ये 'रद्द' म्हणून हात का झटकतात? ब नमुनाही दोषी निघाला, तर विजय प्रतिस्पर्ध्याच्या नावावर लावा आणि सापडलेल्याचं सगळं मानधनही त्यालाच द्या.

---

घंटानाद

मानधनाचं पटलं. विजयाचं अजिबात नाही.

धावपटूची वेळ त्याची स्वतःची असते. पहिला काढून टाकला तरी दुसऱ्याचे ९.९ सेकंद ९.९ च राहतात. झुंजीत तसं काहीच मागे उरत नाही. गार्सियाला वजा करा आणि सांगा, त्या रात्री हेनीनं कोणाला हरवलं? २०१७ मध्ये अनाहाइमला यूएफसीत जॉन जोन्सनं डॅनियल कॉर्मियरला डोक्यावर लाथ घालून तिसऱ्या फेरीत संपवलं. पुढे जोन्सच्या नमुन्यात ट्युरिनॅबॉल हे स्टेरॉइड निघालं. निकाल रद्द झाला, बेल्ट कॉर्मियरकडे परत आला. इथवर ठीक. पण त्याच्या खात्यावर 'जोन्सवर विजय' लिहायचा? जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या नावावर? हा तर त्याचाच अपमान.

---

निकालीकुस्ती

अपमान कसला? २८ जून १९९७ ला टायसननं होलिफील्डचा कान चावला, पंचांनी टायसनला बाद केलं आणि विजय होलिफील्डच्या नावावर लागला. आजही तो विजय म्हणूनच मोजतात. नियम मोडला की समोरचा जिंकतो, हे बॉक्सिंगला पहिल्यापासून मान्य आहे. दात लावले तर बाद आणि सुई टोचली तर रद्द, हा कुठला न्याय?

---

घंटानाद

टायसनचा गुन्हा पंचांसमोर, रिंगणात घडला. झुंज त्यामुळेच थांबली. इथे झुंज पूर्ण झालेली असते.

---

निकालीकुस्ती

म्हणजे चोरी लगेच पकडली तर शिक्षा, महिन्यानं पकडली तर माफी. वा.

---

गंगावेशकर

दोघंही बॉक्सिंगमध्येच अडकलात. कुस्तीत या. तिथे हिशेब आणखी किचकट आहे.

लंडन २०१२, ६० किलो. आपला योगेश्वर दत्त रशियाच्या बेसिक कुदुखोव्हकडून हरला. कुदुखोव्ह अंतिम फेरीत गेला म्हणून योगेश्वरला रेपेचेज (हरवणारा अंतिम फेरीत गेला की हरलेल्याला मिळणारी कांस्याची संधी) मिळालं, आणि तिथून तीन कुस्त्या मारून त्यानं कांस्य आणलं. २०१६ मध्ये बातम्या आल्या की कुदुखोव्हचा जुना नमुना पुन्हा तपासल्यावर दोषी निघाला, आता योगेश्वरला रौप्य मिळणार. कुदुखोव्ह तर २०१३ मध्येच मोटार अपघातात गेला होता. योगेश्वर म्हणाला, पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू दे. पुढे कुदुखोव्ह हयात नाही म्हणून ऑलिंपिक समितीनं प्रकरण बंद केलं. रौप्य आजही त्याच्याच नावावर आहे.

आता गंमत बघा. कुदुखोव्ह पहिल्याच फेरीत बाद झाला असता, तर योगेश्वरचं रेपेचेज कुठून आलं असतं? ज्याच्यामुळे हरला, त्याच्याचमुळे पदकापर्यंत पोचला. निकाल मागे फिरवायला लागलात तर कुठे थांबणार?

---

शिट्टीवाला

योगेश्वरला सलाम. बाकी चालू द्या.

---

नमुना_ब

प्रयोगशाळेत काम केलंय (क्रीडावाली नाही, साधी) म्हणून थोडं. 'ब नमुनाही दोषी' म्हणजे मुद्दाम घेतलं असं नव्हे. तीच लघवी दोन बाटल्यांत भरलेली असते, त्यामुळे ब नमुन्यातही तेच निघणार. त्यातून फक्त पहिली तपासणी बरोबर झाली एवढंच कळतं. औषध शरीरात कसं गेलं, हे बाटली सांगत नाही. गार्सियाच्या बाजूनंही भेसळयुक्त सप्लिमेंटचा बचाव मांडलाच होता. जोन्सच्या शरीरात २०१८ च्या शेवटी पुन्हा पिकोग्रॅममध्ये मोजावे लागणारे अंश सापडले. हे जुन्याचेच अवशेष, असं म्हणून त्याला लढू दिलं. नेवाडात (लास वेगासच्या राज्यात) वेळेत परवाना मिळेना, तर अख्खा कार्यक्रम लास वेगासहून कॅलिफोर्नियाला हलवला.

वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) नियमात हे दोन भाग वेगळे ठेवलेत. स्पर्धेच्या वेळच्या नमुन्यात सापडलं की वैयक्तिक खेळात त्या स्पर्धेचा निकाल जातो, तुमची चूक असो वा नसो. बंदी किती, ते दोष बघून ठरतं. मला हे शहाणपणाचं वाटतं. मात्र निकाल काढून घेणं वेगळं आणि तो दुसऱ्याला बहाल करणं वेगळं.

---

लालमाती

नरसिंग यादवचं नाव कोणीच कसं घेत नाही? सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मारून ७४ किलोचा ऑलिंपिक कोटा त्यानं आणला. मग मेथॅन्डियेनोन हे स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. नाडानं (भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेनं) १ ऑगस्ट २०१६ ला मान्यही केलं. वाडा रिओत क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षं बंदी! कटाचा पुरावा नाही म्हणे. पोरगं तिथे वजनाच्या तयारीत होतं हो.

निकालीकुस्ती भाऊ, तुमच्या नियमानं असा माणूस आधी जिंकलेला असता, तर ती कुस्ती दुसऱ्याला देऊन मोकळे झाला असता. पुढे कट सिद्ध झाला तर? परत फिरवणार?

---

निकालीकुस्ती

लालमाती, नरसिंगचं मलाही लागलं होतं. तरी सांगतो, नाही, परत फिरवणार नाही. नरसिंगला कुणी फसवलं असेल तर त्यात समोरच्या पैलवानाचा काय दोष? कुणी कालवलं म्हणून औषधाचा जोर कमी होत नाही. लढणाऱ्याला तो तेवढाच सोसावा लागतो. तुम्ही सगळे सापडलेल्याच्या बाजूनं विचार करताय. मी अंगावर घेणाऱ्याच्या बाजूनं करतोय.

---

घंटानाद

अंगावर घेणाऱ्याची एवढी काळजी असेल तर अहवाल झुंजीआधी मागा ना. लेस्नरचा नमुना २८ जूनला घेतला होता, झुंज ९ जुलैला झाली, अहवाल त्यानंतर आला. अकरा दिवस! तो वेळेत आला असता तर हंटला त्याच्यासमोर उभंच राहावं लागलं नसतं. वर लेस्नरला, परत येणाऱ्या खेळाडूला लागणाऱ्या चार महिन्यांच्या चाचणीतून सूटही दिली होती. तिकिटं खपवायची होती, दुसरं काय. खात्यावर विजय लिहून हंटचं डोकं दुखायचं थांबणार आहे का?

आणि मानधन सगळे अहवाल येईपर्यंत कमिशनकडेच राहू दे. मग बघा कोण काय घेतं ते.

---

निकालीकुस्ती

अहवाल आधी, मानधन नंतर, दोन्ही मान्य. पण शेवटच्या दिवशीच्या नमुन्याचा अहवाल कधीच आधी येणार नाही. जोन्सचा नमुना झुंजीच्या आदल्या दिवशीचा होता, गार्सियाचाही. तिथे माझाच नियम लागेल.

---

गंगावेशकर

मग हे एक सोडवा. लंडनचंच १२० किलो. सुवर्ण तैमाझोव्ह, रौप्य मोद्झमनश्विली. दोघंही पुढे डोपिंगमध्ये गेले, दोघांची पदकं २०१९ मध्ये काढली. खाली राहिले दोन कांस्यवाले, इराणचा घासेमी आणि रशियाचा माखोव्ह. ड्रॉच्या दोन वेगळ्या बाजूंना होते, त्यामुळे एकमेकांशी लढलेच नव्हते. सुवर्ण कुणाचं?

---

निकालीकुस्ती

दोघांचं. आणि दोघांनाच दिलंय.

---

घंटानाद

अंतिम फेरी न खेळता?

---

निकालीकुस्ती

ज्यांनी खेळली ते दोघंही सापडले. आणखी कोणाला द्यायचं होतं?