ड्रीम थिएटर: गाणी की नुसती बोटांची कसरत? सव्वा तासात काय ऐकवू?

जुळे सोलापूर: रविवारी तिघांना बसवून ऐकवायचंय. एकाचं म्हणणं, हा बँड नुसती बोटं पळवतो, गाणं म्हणून हाती काही लागत नाही. तो तबला शिकलाय, मोजण्यात कच्चा नाही. कोणती गाणी, कुठल्या क्रमानं?

सात रस्ता: 'द डान्स ऑफ इटर्निटी'नं सुरुवात करू नका, सगळे तिथंच फसतात. सहा मिनिटांत ताल शंभरावर वेळा बदलतो, मधेच रॅगटाइम (जुना अमेरिकी ठसकेबाज ढंग) पियानो घुसतो. तबलेवाला चाल सोडून मात्रा मोजत बसणार आणि 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणणार.

'पुल मी अंडर' आधी (१९९२, 'इमेजेस अँड वर्ड्स', सव्वाआठ मिनिटं). ते शेवटी मधेच तुटतं. फाइल खराब नाही, आधीच सांगून ठेवा. मग 'वेट फॉर स्लीप', अडीच मिनिटं, फक्त कीबोर्ड आणि गळा. त्याला लागूनच 'लर्निंग टु लिव्ह', साडेअकरा मिनिटं. त्यात 'वेट फॉर स्लीप'ची चाल परत येते. कुठं येते ते सांगू नका, त्यालाच पकडू द्या.

त्यानंतर त्याच अल्बममधलं 'मेट्रोपोलिस पार्ट १', साडेनऊ मिनिटं. आता १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' अल्बमवर या: 'ओव्हर्चर १९२८' आणि मग 'डान्स'. 'डान्स'मधले बरेच तुकडे 'मेट्रोपोलिस'चेच, मोडून जोडलेले. मूळ ऐकलेलं असलं की कळतात, नसलं की कसरतच वाटते.

होटगी रोड: चाल परत आणली म्हणजे रचना झाली का ओ? एका साध्या गिटारवर कडवं आणि ध्रुवपद म्हणून बघा. 'अनदर डे' उभं राहतं. 'ट्रेन ऑफ थॉट' (२००३) घ्या: सात गाणी, ६९ मिनिटं. बऱ्याच ठिकाणी मधला सोलो कापला तरी गाण्याला पत्ता लागत नाही. 'द अस्टॉनिशिंग' (२०१६) तर १३० मिनिटं. गोष्ट पुढं ढकलायच्या नादात ध्रुवपदं एकमेकांसारखी झालीत. कीबोर्ड वाजवणारा, गाणी लिहिणारा केव्हिन मूर १९९४ ला बँड सोडून गेला तेव्हाच शब्दांतला जीव गेला, माझं मत.

सात रस्ता: 'अस्टॉनिशिंग'बद्दल मान्य. पण गिटारची कसोटी रिफवर (परत परत येणाऱ्या वाद्याच्या तुकड्यावर) उभ्या गाण्याला लावणं म्हणजे शब्द बघून तराणा नापास करणं. शेवटी 'ऑक्टाव्हेरियम' लावा (२००५), २४ मिनिटं. आठवा अल्बम, आठ गाणी. पहिलं पेटीच्या पांढरी चारमध्ये, पुढचं प्रत्येक एकेक पांढरी वर, आठवं परत पांढरी चारला. अल्बमचा पहिला सूर म्हणजे 'ट्रेन ऑफ थॉट' ज्या पियानोच्या सुरावर संपतो तोच. पेटी जवळ ठेवा, पटकन पटतं. सगळं मिळून ६६ मिनिटं, उरलेली नऊ भांडायला.

अक्कलकोट रोड: मोबाइलच्या स्पीकरवर लावणार असाल तर तबलेवालाच बरोबर ठरेल. बँडच्या जॉन मायंगचा सहा तारांचा बास गिटार तिथं ऐकूच येत नाही. बास गेला की वर गिटार-कीबोर्डची पळापळ तेवढी उरते. शेजारी माग चालू असले तर बास ड्रमही त्या खटखटीत बुडतो. दोन वेगळे स्पीकर, भिंतीपासून हातभर लांब, आणि इक्वलायझरवरचं 'रॉक' बंद. 'रॉक' चालू असलं की गळा मागं जातो. १९९२ च्या अल्बमचा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मशीनचा वाटेल. त्यावर आधी रेकॉर्ड केलेल्या नमुन्याचा आवाज चढवलेला आहे, तुमच्या स्पीकरचा दोष नाही.

जुळे सोलापूर: सात मात्रा आल्या की तो रूपक धरतो, तिथं गोंधळ होईल का?

सात रस्ता: होईल. रूपकाची सम (पहिली मात्रा) 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, इथं पहिल्या मात्रेवर बहुतेक बास ड्रमचा दणका. सम ऐकून शोधायची, सवयीनं नाही. आदल्या दिवशी टूल या दुसऱ्या बँडचं 'स्किझम' (२००१) ऐकवा: मुख्य रिफ ५ अधिक ७, बारा. एकताल धरला की विभाग जुळणार नाहीत, मग आपोआप रिफकडं कान जातो.

होटगी रोड: आणि 'अनदर डे' घालाच की. नऊ मिनिटांत बसतंय.