डॅनियल बूनचं घराणं: क्वेकर कुटुंब सरहद्दीवर का गेलं?

शेवंती
आम्ही पेन्सिल्वेनियात रेडिंगजवळ राहतो. इथून जवळच बर्ड्सबरोच्या बाजूला डॅनियल बूनचं जन्मस्थान जपून ठेवलंय, ते पाहून आलो. दगडी घर नंतरचं आहे, पण त्याच्या तळघरात जुन्या ओंडक्यांच्या घराचा पाया आणि झरा अजून दिसतो. बून म्हणजे केंटकीची वाट पाडणारा, शॉनी या मूळ अमेरिकन जमातीच्या कैदेतून निसटलेला शिकारी, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचे आईवडील क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या पंथातले, हे तिथे कळलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. चांगलं बस्तान बसलेलं असताना हे लोक इथून का उठले? जमिनीसाठी की धर्मापायी? शिवाय त्याची जन्मतारीख कुठे २२ ऑक्टोबर १७३४ दिसते, कुठे २ नोव्हेंबर. कुठली धरायची?

मोडीवाचक
शेवंतीताई, जुनी दप्तरं वाचणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि बून घराण्यावर माझा फार जीव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारीख. दोन्ही बरोबर आहेत. १७५२ साली इंग्रजी अमलाखालच्या मुलखात कॅलेंडर बदललं आणि ११ दिवस गाळले गेले. २२ ऑक्टोबर ही जुनी तारीख, २ नोव्हेंबर ही तीच नव्या हिशेबाने. बून स्वतः ऑक्टोबरचीच सांगायचा. मात्र क्वेकरांचे मूळ कागद वाचायची वेळ आली तर एक सांभाळा: ते महिन्यांना नावं देत नसत, आकडा घालत. १७५२ च्या आधी मार्च हा त्यांचा पहिला महिना होता. म्हणजे ‘आठवा महिना’ दिसला की तो ऑक्टोबर, ऑगस्ट नव्हे. वंशावळींत दोन-दोन महिन्यांचे घोळ होतात ते इथेच.

आता घराणं. आजोबा जॉर्ज बून हे इंग्लंडात डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचचे विणकर. त्यांनी १७१३ च्या सुमारास थोरल्या मुलांना पुढे पाठवलं आणि १७१७ मध्ये बाकीचं कुटुंब घेऊन स्वतः आले. पुढे गेलेल्यांतला स्क्वायर हा डॅनियलचा बाप. (स्क्वायर हे त्याचं नावच, पदवी नव्हे. डॅनियलच्या एका भावाचंही तेच नाव, तेव्हा कागदात नीट पाहावं लागतं.) १७२० मध्ये त्याने वेल्श क्वेकर घरातल्या सारा मॉर्गनशी ग्विनेडच्या सभेत, म्हणजे तिथल्या क्वेकर मंडळीपुढे, लग्न केलं. त्याच साली आजोबांना सभेपुढे कबुली द्यावी लागली होती: मुलीला जॉन वेबशी लग्नाच्या हेतूने भेटू द्यायला त्यांनी पंथाची रीत मोडून संमती दिली, अशी. हे लक्षात ठेवा.

स्क्वायरने १७३० मध्ये ओली खोऱ्यात २५० एकर घेतले. शेती, हातमाग, लोहारकाम, सगळं करायचा. पुढे काही मैलांवर २५ एकर कुरण घेतलं. डॅनियल आईबरोबर गुरं घेऊन मोसमभर तिथे राहायचा, आणि रानात फिरायची गोडी त्याला तिथेच लागली. १७४२ मध्ये थोरली मुलगी सारा हिने पंथाबाहेरच्या जॉन विलकॉक्सनशी लग्न केलं, तेही आधीच दिवस गेलेले असताना. आईबापांनी सभेपुढे माफी मागितली. १७४७ मध्ये मुलगा इस्रायलनेही बाहेरची मुलगी केली. या वेळी स्क्वायर मुलाच्या बाजूने उभा राहिला आणि माफी मागायला त्याने साफ नकार दिला. १७४८ मध्ये त्याला पंथातून काढलं. दोन वर्षांनी, १७५० मध्ये, घर नातलगाला विकून कुटुंब दक्षिणेला निघालं, ते शेवटी उत्तर कॅरोलिनात याडकिन नदीकाठी स्थिरावलं.

अकरा मुलं होती, तेव्हा जमिनीचा प्रश्न होताच, तो मी नाकारत नाही. पण माझं मत असं की स्क्वायरचं तिथलं मन उडालं ते लेकरांच्या लग्नांवरून. तो मुलासाठी अडून बसला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आणि हे सगळं आपल्याला कळतं कशामुळे? सभेच्या इतिवृत्तांमुळे. आपल्या कुलवृत्तांतात पूर्वजांचे पराक्रम आणि वतनं असतात. क्वेकरांच्या वह्यांत माणसांचे दोष तारखेनिशी लिहिलेले सापडतात, आणि त्या दोषांतूनच ही माणसं जिवंत वाटतात.

निळाई
छान लिहिलंत दादा. पण गोष्ट याडकिनला थांबवू नका. १७७५ मध्ये डॅनियलने केंटकीत बून्सबरो वसवलं ते रिकाम्या जागेवर नव्हे. ती शॉनी आणि चेरोकींची शिकारीची भूमी होती. त्याची किंमत दोन्हीकडून मोजली गेली. त्याचा मुलगा जेम्स १७७३ मध्ये मारला गेला, दुसरा मुलगा इस्रायल (काकाचंच नाव) १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत. १७७६ मध्ये मुलगी जेमायमा पळवली गेली, तिला त्याने सोडवून आणलं. आणि एक गोष्ट मला फार लागते: १७८७ पर्यंत त्याच्याकडे सात गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्येच सभासदांना गुलाम ठेवण्याची बंदी केली होती. बाप पंथात राहिला असता तर मुलावर हे बंधन आलं असतं. घराणं पंथाबाहेर पडलं तेव्हा हेही मागे सुटलं, हे सांगितल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही.

मोडीवाचक
निळाई, पूर्ण सहमत, हे लिहायलाच हवं होतं.

शेवंती
दोघांचेही मनापासून आभार. ओलीत जे बून मागे राहिले त्यांचं काय झालं? आणि त्या वह्या पाहायला मिळतात का?

मोडीवाचक
काका-चुलते तिथेच राहिले. त्यांतल्या जेम्स बूनची मुलगी अ‍ॅन, म्हणजे डॅनियलची चुलत बहीण, हिने १७६० मध्ये शेजारच्या अब्राहम लिंकनशी लग्न केलं. हा राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या पणजोबांचा सावत्र भाऊ. नवरा क्वेकर नव्हता, त्यामुळे तिच्यावरही सभेने ठपका ठेवला. पुन्हा लग्नच! या अब्राहमचे वडील मॉर्डेकाय लिंकन यांचं जुनं घर तुमच्याच भागात आहे, जरूर पाहा.

पेन्सिल्वेनियातल्या क्वेकर सभांच्या नोंदी मुख्यतः स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांच्या संग्रहांत आहेत. बून मंडळींसाठी ग्विनेड आणि एक्सेटर या दोन मासिक सभा शोधा. स्त्रियांच्या सभेची वही वेगळी असते, ती मागायला विसरू नका. आई साराला शोधायचं तर तिथेच.