पावसात फुगलेलं बाथरूमचं दार आणि वडिलांचा रंधा

गिरणगावकर:
नमस्कार मंडळी. घर लालबागला, जुनी इमारत. बाथरूमचं दार सागवानी, तीसेक वर्षांचं. दर पावसाळ्यात ते कडीच्या बाजूला अडकतं, पण यंदा आईला आतून उघडेचना. मी कामावर होतो, शेवटी शेजाऱ्यांनी खांदा लावला. सुतार म्हणतो, काढून टाका, पीव्हीसीचं लावून देतो.

मन मानत नाही. वडील गिरणीच्या सुतारखात्यात होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, घरी आली ती हत्यारांची पेटी. त्यातला लोखंडी रंधा मी जपून ठेवलाय. त्याची मूठ वडिलांच्या अंगठ्यापाशी झिजून खोलगट झालीय. दार दुरुस्त करायचं तर त्याच रंध्याने. रविवारी दार जागेवर ठेवूनच कडेला रंधा मारला. वर छान कागदासारखी साल निघाली, खाली मात्र लाकूड उचकटलं. तळाची चार बोटं काळी पडलीत, नख रुततं. अजून किती तासू?

पटाशी:
हात थांबवा. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, उंचीला जवळजवळ नाहीच. आत्ता मोकळं फिरेल इतकं तासलंत, तर जानेवारीत फट पडेल. आधी वरची बिजागरी हलवून बघा. स्क्रू सैल झाले की दार झुकतं, मग कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला घासतो आणि खालचा लादीला. भोकात फेविकोल लावून सागाची खुंटी ठोका, सुकली की नवीन भोक पाडा. लाकूड उचकटतंय तिथे रेषा उलट्या फिरल्यात, दुसऱ्या बाजूने रंधा मारा. पातं दगडावर घासा आणि अगदी थोडंच बाहेर ठेवा.

वखारवाली:
सासऱ्यांची वखार होती, म्हणून सांगते. दाराची खालची कड दिसत नाही, म्हणून कुणी रंगवत नाही. उभ्या पट्ट्यांच्या रेषा तिथे उघड्या पडतात आणि लादीवरचं पाणी तिथूनच वर चढतं. काळं लाकूड ठणठणीत लाकूड लागेपर्यंत कापा आणि सागाचीच पट्टी जोडा. सागाचा तुकडा रे रोडच्या लाकूडबाजारात मिळेल. तळाला रंधा मारताना दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे या, नाहीतर कोपरा फुटतो.

दादरकर:
दादा, दार कसंही करा, पण आईसाठी आजच आतली कडी काढा. बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक मिळतं, ते बसवा.

गिरणगावकर:
दादरकर, लॉक त्याच संध्याकाळी बसवलं. नाण्याने उघडून आईला दाखवलं तेव्हा कुठे ती निर्धास्त झाली.

पटाशी, बरोबर ओळखलंत. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. खुंट्या ठोकल्या आणि दार अर्धं अधिक तिथेच सुटलं. कडेला जेमतेम दीड मिलिमीटर रंधा मारावा लागला. पातं घासायला तासभर गेला, पण नंतर दारभर लांबीची अखंड साल आली. ती मी वडिलांच्या पेटीतच ठेवलीय.

ताई, तळ साडेतीन इंच कापावा लागला. नवी पट्टी बसलीय, तळाला प्रायमरचे दोन हात झालेत, तिसरा उद्या. तोवर दार गॅलरीत आणि बाथरूमला आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा.