वाचनालयं चोरीचा परवाना मागून राहिली का?

ग्रंथपाल_चिखली
काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "वाचनालयांना कॉपीराइटात सवलतीचं वेड लागलंय. त्यापेक्षा वर्गणी नीट वसूल करा अन् पुस्तकं विकत घ्या." गप्प बसवलं नाही.

विकत घ्यायला पुस्तक बाजारात तर हवं! आमच्याकडच्या तालुक्यांच्या कपाटांत १९५०-७० च्या काळातले स्थानिक इतिहास आहेत, कापूस-ज्वारीच्या शेतकी पुस्तिका आहेत, संस्थांचे अहवाल आहेत. त्यातलं बहुतेक पुन्हा छापलंच गेलं नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ओ) म्हणतं, पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयानं आपल्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढल्या तरी चालतं. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याच कलमात (एन) आलं: कागदी प्रत तुमच्याकडे असेल तर जतनासाठी संगणकात साठवा. पण ती साठवलेली प्रत वाचकाला पडद्यावर दाखवायची का? मेहकरच्या वाचनालयानं मागितली तर पाठवायची का? कायदा मूग गिळून बसलाय. इफ्ला आणि ईआयएफएल या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटना जिनिव्हात वायपोच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेच्या, कॉपीराइट समितीपुढे इतकी वर्षं भांडतात ते अशाच गोष्टींसाठी. जतन, देवाणघेवाण, आणि ई-पुस्तकाच्या करारातल्या अटींनी कायद्यातली सूट मारली जाऊ नये. नवी कादंबरी फुकट वाटा, असं त्यात कुठेही नाही.

छापखाना_अमरावती
जिनिव्हा राहू द्या, बसस्टँडसमोर काय चालतं ते बोला. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक बाजारात आलं की आठवडा नाही होत, पीडीएफ टेलिग्रामवर. अभ्यासिकेत पोरं पन्नास, विकत घेतलेली प्रत एक, बाकी सगळं झेरॉक्स. हटकलं की दिल्ली विद्यापीठाचा निकाल तोंडावर फेकतात, विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली पानं झेरॉक्स करू देणारा. लहान प्रकाशकाची हजाराची आवृत्ती अशी मेली तर दुसरी कोण काढणार? आणि महिन्याची वर्गणी, वर अनामत घेणारं वाचनालय "अव्यापारी" कसं, तेही सांगा.

वकील_दारव्हा
निकाल २०१६ चा. तो ५२(१)(आय) वर आहे, म्हणजे शिक्षक-विद्यार्थी आणि अध्यापनाच्या ओघात लागणारं साहित्य. तुमच्या अभ्यासिकेत ना शिक्षक, ना अध्यापन. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून विकणाऱ्याला कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद. इथवर छापखानेवाले बरोबर.

वर्गणीचं मात्र चूक. वर्गणी घेतली म्हणून कोणी व्यापारी होत नाही. खरी अडचण वेगळीच आहे, "अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय" याची व्याख्याच कायद्यात नाही. त्यामुळे गावातल्या कॉलेजचं ग्रंथालय (ओ) आणि (एन) मध्ये बसतं की नाही यावर कोणीही वाद घालू शकतो.

कॉपीराइटच्या मुदतीचंही ऐका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. १९९२ च्या दुरुस्तीआधी ५० होती. पंजाबराव देशमुख १९६५ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा. मूळ मजकूर मोकळा झाला तरी नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टीपा मोकळ्या होत नाहीत, यात भले भले फसतात. आणि वारस सापडतच नसेल तर कलम ३१-क खाली परवाना मागायचा. पूर्वी त्यासाठी मंडळ होतं, २०२१ नंतर व्यापारी न्यायालयात जावं लागतं. चाळीस पानी पुस्तिकेसाठी कोणतं वाचनालय वकील लावते?

वऱ्हाडी_वाचक
कलमं झाली असतीन तं मुद्द्यावर या. तीन प्रती काढाच्या म्हनता, पन काढाच्या कशा? झेरॉक्सवाला पुस्तक उपडं टाकते अन् वरून दाबते. शिलाई फाटली का मूळ पुस्तकच गेलं. मंग जतन कायचं?

ग्रंथपाल_चिखली
म्हणून झेरॉक्सवर न्यायचंच नाही. त्या काळचा कागद आम्लधर्मी, वर आपला मे महिना. कोपरा दुमडला की तुकडा हातात. दोन पुठ्ठे इंग्रजी व्ही सारखे उभे करा, पुस्तक पूर्ण सपाट उघडू नका. पानावर ४ मिलिमीटरची साधी काच ठेवा. मोबाइल स्टँडला, पानाशी समांतर. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी तिरपे. फ्लॅश बंद, नाहीतर काचेवर पांढरा डाग येतो. आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी, आणि शेवटी पानं मोजून घ्या. पुस्तिकेच्या पिना गंजल्या असतील तर उचकटू नका. आतून पातळ पात्यानं टोकं सरळ करा, मग बाहेरून ओढा.

छापखाना_अमरावती
मोबाइलचा फोटो म्हणजे जतन नव्हे. ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० बिंदू टिपणारा, स्कॅनर लागतो.

ग्रंथपाल_चिखली
हिशेब करा. डेमी पान २२ सेंटिमीटर लांब. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांब बाजू ४००० बिंदूंची. पान चौकटभर बसवलं तर ४५० च्या वर जातं. बिघडतं ते हात हलल्यानं आणि कडा तिरप्या आल्यानं. रंगीत पान, फाइल कॉम्प्रेस न करता, ३०० ला १३ एमबी, २०० पानांचे अडीच जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत जतनाची धरू नका, ते फोटो कॉम्प्रेस करते.

वऱ्हाडी_वाचक
अन् लॅमिनेशन? आमच्या इकडं तं नकाशे सर्रास लॅमिनेट करून राह्यले.

छापखाना_अमरावती
ज्यानं नकाशा लॅमिनेट केला त्याला ग्रंथालयात पाय ठेवू देऊ नये! उष्णतेनं चिकटलेलं परत निघत नाही. आत कागद पिवळा पडत राहतो तो वेगळाच.

वकील_दारव्हा
चर्चा कॉपीराइटची होती. आता पुठ्ठे आणि पिना.

वऱ्हाडी_वाचक
तुमचं कलम पुठ्ठ्याबिगर चालते का वकीलसाहेब? आनखी एक, त्यातला मजकूर शोधता येईन का?

ग्रंथपाल_चिखली
टेसरॅक्ट म्हणून फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठी येते, फुकट आहे. पण शिशाचे खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत शाई कमी लागलेले अनुस्वार गळतात, "ऱ्या"चा "र्या" होतो. शोधायला पुरतं, छापायला नाही.

छापखाना_अमरावती
बरं, मेलेल्या पुस्तकांचं मान्य, घ्या साठवून. पण "बाजारात नाही" हे ठरवणार कोण? तुम्हीच? मग उद्या माझी दुसरी आवृत्ती छापायला टाकलेली असली तरी तुम्ही मोकळे.

वकील_दारव्हा
कसं ठरवायचं ते कायदा सांगत नाही, म्हणून कागद तयार ठेवा. प्रकाशकाला पोचपावतीसह पत्र, उत्तराला महिनाभर. दोन विक्रेत्यांकडून "उपलब्ध नाही" असं लेखी. तिन्ही कागद फाइलला, दाखलनोंद वहीत मूळ प्रतीच्या क्रमांकापुढे शेरा. काढलेल्या प्रतीवर शिक्का, आणि त्यावर प्रत क्रमांक एक, दोन किंवा तीन. चौथी नाही.

छापखाना_अमरावती
पत्र माझ्या पत्त्यावर आलं तर उत्तर देईन. पण ती प्रत गावच्या व्हॉट्सअॅप गटावर दिसली तर पुढचं पत्र वकिलाचं असेल.