मदत हवी आहे: आजीचा ७२ चा दुष्काळ आणि माझी आत्ताची शुगर

नमस्कार मंडळी,

सहावा महिना चालू आहे, पहिलटकरीण आहे. राहायला नाशिकला, माहेर सिन्नर तालुक्यातलं, सासर निफाडकडचं. गेल्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, शुगर १५२ आली. १४० च्या आत हवी असते. डॉक्टर मॅडमनी खाण्याचा तक्ता दिलाय, तो नीट पाळतेय, तेव्हा कृपया मेथीदाणे आणि कारल्याचा रस सुचवू नका.

प्रश्न वेगळाच आहे. फॉर्मवर घरात कोणाला मधुमेह आहे असं विचारलं होतं. आईला एक्केचाळिसाव्या वर्षी निघाला, ते लिहिलं. पण आजी (आईची आई) पंचाहत्तरीला टेकली तरी चहात दोन चमचे साखर घेते, तिला काही नाही. वडिलांकडेही कोणाला नाही. मग हे आलं कुठून? शोधताना वाचलं की मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातली सगळी स्त्रीबीजं तयार होतात. म्हणजे माझं बीज आईमध्ये तयार झालं तेव्हा आई आजीच्या पोटात होती! आणि आईचा जन्म ७३ च्या उन्हाळ्यातला.

आमच्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. आजी दिवस गेलेले असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) मिळायचा. त्याला चिकटपणाच नसायचा, भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत तुटायची, म्हणून मग कण्या शिजवायच्या. कामावर सुकडी (पिठाचा पौष्टिक कोरडा खाऊ) वाटायचे, "ती म्या थोरल्याला चारायची, मला कुठं गिळत होती," असं म्हणते. आई जन्मली तेव्हा कोणी वजन केलं नाही. माझं वजन मात्र जुन्या कार्डावर आहे, २.२ किलो.

तर विचारायचं असं:
आजीच्या त्या उपासमारीचा माझ्या शुगरशी खरंच संबंध असू शकतो का? हे डॉक्टरांना सांगण्यात अर्थ आहे, की हसतील? आजीची स्मरणशक्ती शाबूत आहे तोवर आणखी काय विचारून ठेवू?

शिवाय बाळाची दुसरी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. यजमान पोटात असताना त्या द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जायच्या, शेजारच्या ओळीत फवारणी चालू असायची. आता आमच्याकडेच असतात, मिश्री लावतात आणि तंबाखू घरीच तव्यावर भाजतात. त्याचंही काही असेल का?

---

जनरल_प्रॅक्टिस:
ताई, हसणार नाहीत. सांगाच.

बीजाचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास मुलीच्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात. पण त्यावरून थेट स्वतःवर उडी मारू नका. दुष्काळाची झळ सगळ्यात जास्त बसली असेल ती तुमच्या आईला, कारण ती अख्खीच्या अख्खी त्या पोटात होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धातल्या नाकेबंदीमुळे मोठी उपासमार झाली. तेव्हा गर्भात असलेली माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर न पचण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आईचा मधुमेह त्या चित्रात बसतो. नातवंडांपर्यंत आलं की चित्र धूसर होतं. एका पाहणीत वजन जास्त निघालं ते मुलांकडच्या नातवंडांचं, मुलींकडच्या नव्हे. त्यामुळे आजी-आई-मी अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

डॉक्टरांच्या उपयोगाची माहिती अशी: आईला कितव्या वर्षी मधुमेह निघाला आणि तुमचं जन्मवजन. कमी वजनाच्या जन्मलेल्या बायकांना गरोदरपणात शुगर वाढण्याचा धोका जास्त असतो. ते २.२ वालं कार्ड फाइलला लावा.

बागेबद्दल: कॅलिफोर्नियात १९५९ ते ६७ मध्ये गरोदर बायकांचं रक्त साठवून ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात डीडीटी हे कीटकनाशक जास्त होतं त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणा आणि लवकर पाळी येणं जास्त आढळलं. पण त्या मुलींच्या मुली, आणि औषध डीडीटी. द्राक्षावरची औषधं वेगळी, आणि तुमचं नातं मुलाकडून. ते इथे चिकटवू नका.

---

पुणेरी_आत्या:
पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केलाय. बाळं सरासरी २.७ किलोची, हातापायाने काटकुळी, पण इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तर चरबी फारशी कमी नाही. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड त्याचंच रूप) जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त होती. तू फॉलिक ॲसिड घेतच असशील, ते बंद करू नकोस. पण शाकाहारी आहेस का? बी-१२ तपासलंय का?

आणि एक, रागावू नकोस. आजीला माहिती विचार, पण कशासाठी ते सांगू नकोस. "माझ्या उपासामुळे पोरीला साखर झाली" हे एकदा डोक्यात बसलं की त्या वयात निघत नाही. तिने हौसेने उपास केला नव्हता.

---

गोदाकाठ:
मिश्रीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गरोदर बाई स्वतः तंबाखू लावत असेल तर बाळाचं वजन कमी भरतं हे आपल्याकडच्या अभ्यासांतही दिसलंय. तुम्ही लावत नाही, पण तव्याचा तो खाट बंद घरात तुम्हीच हुंगताय. भाजणं तरी बाहेर न्या. बाकी पन्नास वर्षांपूर्वीचं उकरत बसण्यापेक्षा हे आज करता येईल.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आत्या, आम्ही तीन पिढ्यांचे माळकरी, अंडंसुद्धा नाही, आणि बी-१२ कोणी तपासलेलंच नाही. मॅडमना मेसेज केला, उद्या सकाळी रक्त द्यायला जातेय. आजीला काल फोनवर सहज म्हणून विचारलं. आईच्या वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत कामावर होती, आणि आईनंतरचं एक मूल गेलं, जे मला आजवर माहीतच नव्हतं. ते लिहून ठेवलंय, कशासाठी विचारतेय ते मात्र तिला सांगितलं नाही.

मिश्रीबद्दल मी बोलले तर महाभारत होईल, यजमानांना पुढे करते. तवा गच्चीवर नेण्यापर्यंत त्यांची तयारी आहे, बंद करायला सांगण्याची नाही. कोणाच्या सासूबाईंनी या वयात मिश्री सोडलीय का? कशी, तेवढं लिहा.