मदत हवी आहे: १९ दिवसांचा नवा लॅपटॉप काम करता करता खटकन बंद पडतो (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

१९ दिवसांपूर्वी राजारामपुरीतल्या एका दुकानातून नवा लॅपटॉप घेतला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बोलणी अजून चालू आहेत. इंटेलचा एच सिरीजचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, १५० वॅटचा अडॅप्टर, विंडोज ११. किंमत ८९ हजार, त्यातले ६० हजार हप्त्यावर. एवढ्या दिवसांत हा ११ वेळा बंद पडलाय.

माझं काम सांगते, म्हणजे लोड कसला येतो ते कळेल. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्यांना (ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो नमुना बनवणाऱ्यांना) मी थ्रीडी मॉडेल करून देते. फाउंड्रीकडून कास्टिंगचं ड्रॉइंग येतं, त्यावर श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो ते), ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार), मशीनिंग अलाउन्स (नंतर घासून काढायला सोडलेली जाडी) धरून पॅटर्नचं आणि कोअर बॉक्सचं (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा ज्यात पाडतात त्या डब्याचं) मॉडेल बनवायचं. आबांनी तीस वर्षं हेच काम सागवानात, हाताने केलं. मी ते सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरवर करते. मॉडेल फिरवताना, मापं टाकताना लॅपटॉप छान चालतो. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) रिबिल्ड करायला, म्हणजे सगळं मॉडेल नव्याने गणून घ्यायला घेतली की दोन-चार मिनिटांत जातो.

जातो म्हणजे कसा, तर निळा स्क्रीन येत नाही, कसला मेसेज येत नाही. पंखा जोरात फिरत असतो आणि त्याच क्षणी पडदा काळा. पिन उपटल्यासारखं. अडॅप्टर लावलेला असेल तर कडेचा पांढरा दिवा जळतच असतो. बटण दाबलं की लगेच चालू होतो आणि बॅटरी जवळपास तेवढीच दाखवतो. ५८ टक्क्यांवर बंद पडला, चालू केल्यावर ५६. म्हणजे चार्ज संपून गेला असं नाही.

सर्व्हिस सेंटरला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी विंडोज रिसेट करून दिलं. दुसऱ्यांदा बायोस अपडेट केला, अर्धा तास यूट्यूबचे व्हिडिओ चालवून बघितले आणि जॉबशीटवर 'नो फॉल्ट फाउंड' लिहिलं. वर सांगितलं, "मॅडम, आपल्याकडं लाईटच तशी आहे. पावसाळ्यात व्होल्टेज खालीवर होतं. स्टॅबिलायझर लावा." हे मला पटलेलं नाही. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट स्वच्छ छापलंय. आणि लाईट पूर्ण गेली तरी आत बॅटरी आहे ना? शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन सुरू झालं की आमची ट्यूब लुकलुकते, हे खरं. पण तेवढ्याने लॅपटॉप बंद पडत असेल, तर बॅटरी वेळेला धावून येत नाही एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ११ पैकी ४ वेळा तो पिन काढलेली असताना, नुसत्या बॅटरीवर बंद पडलाय.

'हे करून बघितलं का' असं विचारायच्या आधीच सांगते. विंडोजचा मेमरी टेस्ट घेतला, नंतर मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. पिन काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं. फास्ट स्टार्टअप बंद केलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. वायरमन बोलावून अर्थिंगही तपासलं: फेज ते अर्थ २२८ व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ २ व्होल्ट. झाकण उघडलेलं नाही. वॉरंटीचं निमित्त त्यांच्या हातात द्यायचं नाहीये.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दरवेळी कर्नल-पॉवर ४१ नंबरची नोंद आणि सोबत ६००८ (अचानक बंद झाल्याची). इथले जुने धागे वाचले, त्यात बरेच जण ४१ हेच कारण धरून बसलेले दिसले. ती नोंद मशीन पुन्हा चालू झाल्यावर पडते आणि 'मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं' एवढंच सांगते. माझ्याकडे तिच्यात बगचेककोड (विंडोज कोसळल्याचा कोड) ० आहे, कोसळल्यावर फाइल जिथे पडते ते मिनिडंप फोल्डर रिकामं आहे. एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने बंद केलं असतं तर १०७४ नंबरची नोंद दिसली असती, तीही नाही. म्हणजे विंडोजलाच पत्ता लागायच्या आत खालून वीज तुटते.

मग रात्री बसून एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम) लावलं आणि दर दोन सेकंदांनी आकडे फाइलमध्ये लिहायला सांगितलं. पिन काढली, पंपाच्या केसिंगची असेंब्ली उघडली, रिबिल्ड दिलं. ३ मिनिटं १० सेकंदांनी बंद. फाइलच्या शेवटच्या ओळी बघा. प्रोसेसरचं तापमान ८१ अंश, म्हणजे तापून बंद झाला म्हणावं असं काही नाही. तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, तसंही दिसत नाही. पण बॅटरीचं व्होल्टेज रिबिल्डच्या आधी १५.३ होतं, मग १४.४, १३.९ आणि शेवटच्या ओळीत १३.१. त्यापुढे फाइल संपते. चार सेलची बॅटरी आहे, म्हणजे सेलमागे जेमतेम ३.३ व्होल्ट. अर्ध्याहून जास्त चार्ज शिल्लक असताना एवढा खड्डा पडावा का? दोन ओळींच्या मधल्या दोन सेकंदांत तो याहून खाली गेला असणार.

बॅटरी रिपोर्टही काढला. त्यात फुल चार्ज कॅपॅसिटी डिझाइनच्या ९६ टक्के, म्हणून सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरी एकदम ओके. पण तो आकडा सांगतो पाणी किती साठतं ते. नळ किती मोठा उघडतो ते त्यात कुठे येतं?

अजून एक. पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ केलं की टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा थोड्या वेळापुरता जादा वेग) बंद होतो. तसं ठेवलं तर दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. सर्व्हिसवाले म्हणतील, मग तसंच वापरा. पण जे रिबिल्ड ५ मिनिटांत व्हायचं त्याला ९ मिनिटं लागतात. पूर्ण वेगाच्या मशीनचे पैसे मोजलेत, हप्ता पूर्ण वेगाचा जाणार आहे.

माझे प्रश्न असे:

बॅटरीच खराब आहे, तिचं कनेक्टर नीट बसलेलं नाही की मदरबोर्डवरचं चार्जिंगचं सर्किट, हे झाकण न उघडता ओळखता येईल का?

अडॅप्टर लावलेला असतानाही का बंद पडतो, हे कुणी समजावून सांगेल का? माझी सगळी थिअरी तिथे अडकते.

आणि ज्यांच्याकडे अशाच ताकदीचा लॅपटॉप आहे त्यांनी कृपा करून बॅटरीवर जड काम चालवून व्होल्टेज किती उतरतं ते सांगा. तुलनेला एक चांगला आकडा हातात असला की काउंटरवर बोलता येईल. सोमवारी पुन्हा जातेय. त्याच दिवशी एका कोअर बॉक्सची फाइल द्यायची आहे, फाउंड्रीत साचा थांबलाय.

भर, रविवार रात्र: ज्यांनी आपापले आकडे टाकले त्यांचे मनापासून आभार. कुणाचंच व्होल्टेज एका व्होल्टच्या वर उतरलेलं नाही. माझं दोनच्या वर जातंय. अडॅप्टरचं कोडंही सुटलं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम उसळले की क्षणभर १५० वॅटच्या वर ओढ जाते आणि वरचा भार बॅटरीने उचलायचा असतो, अशीच या मशीनची रचना आहे. बॅटरीने मान टाकली की पिन लावलेली असूनही सगळं जातं. हे इथे लिहिणाऱ्या दादांनी माझी रात्रभराची झोप परत दिली.

ग्राहक आयोगाचंही कुणीतरी सुचवलंय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे इथेच कोल्हापुरात. आधी १९१५ वर फोन करून नोंद करेन, पण सोमवारची फेरी झाल्यावर.

भर, सोमवार संध्याकाळ: यावेळी काउंटरवर वाद घातला नाही. माझी केसिंगची फाइल घेऊन गेले आणि म्हटलं, व्हिडिओ नको, हे रिबिल्ड माझ्यासमोर चालवा. चौथ्या मिनिटाला त्यांच्या टेबलावर, त्यांच्या यूपीएसच्या लाईटवर, पिन लावलेली असताना बंद पडला. तिथल्या सिनियर इंजिनिअरनी फाइलमधले व्होल्टेजचे आकडे शांतपणे वाचले, काही न बोलता झाकण उघडलं, कनेक्टर काढून परत बसवलं. तरीही बंद. मग त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी लावली. एकापाठोपाठ तीन रिबिल्ड झाले, प्रोसेसर स्टेट १०० वर, एकदाही थांबला नाही.

जॉबशीटवर आता 'लोडखाली बॅटरी व्होल्टेज ड्रॉप' असं लिहून घेतलंय, फोटोही काढलाय. वॉरंटीत नवी बॅटरी मागवली आहे, आठवडा लागेल म्हणाले. तोवर ९९ वरच काम चालू. कोअर बॉक्सची फाइल रात्री साडेदहाला पाठवली.

भर, पुढचा बुधवार: बॅटरी बसली. तीच असेंब्ली, पिन काढून, ६० टक्के चार्जवर: सुरुवातीला १५.३, सगळ्यात खाली १४.६.